वऱ्हाडची सरकी: बियाण्याच्या शर्ती आणि त्या बदलण्याचा अधिकार

वऱ्हाडातील कापसाच्या बियाण्यावर विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत कोणाचीही लेखी शर्त नव्हती. वेचून आणलेला कापूस घरच्या रेच्यावर किंवा जवळच्या जिनात घालून रुई वेगळी केली की मागे राहणारी सरकी, म्हणजे कापसाचे बी, काही ढोरांच्या आंबोणात जाई, काही तेलासाठी जाई आणि निवडून ठेवलेली काही पुढच्या मृगाच्या पेरणीसाठी राहत असे. पेरणीपूर्वी ही सरकी शेणामातीच्या पातळ काल्यात चोळून तिच्यावरची लव बसवायची, म्हणजे दाणे एकमेकांना न चिकटता सरत्यातून सुटे पडत. एवढी तयारी झाली की तेच बी शेजाऱ्याला द्यावे, सोयऱ्याच्या गावी पाठवावे, बाजारात विकावे किंवा दुसऱ्या वाणात मिसळून नवेच काही उगवून पाहावे, यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. आज अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातील कोणत्याही कृषी केंद्रात मिळणारे कपाशीचे पाकीट दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. या दोन अवस्थांच्या मधल्या काळात शर्ती बदलल्या, आणि त्या कोणी व कोणत्या अधिकाराने बदलल्या हा वऱ्हाडच्या शेतीच्या इतिहासातला पुरेसा न तपासलेला प्रश्न आहे.

असाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात फार काटेकोरपणे मांडला गेला असल्यामुळे त्याची ओळख येथे उपयोगी पडते. संगणकाची प्रणाली माणसाला वाचता येईल अशा मजकुरात लिहिली जाते आणि त्या मजकुराला स्रोत म्हणतात. यंत्रावर चालणारे तिचे रूपांतर मात्र वापरता येते, पण वाचून बदलता येत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, संक्षेपाने जीपीएल, हा परवाना प्रसिद्ध केला. त्यानुसार घेणाऱ्याला स्रोत मिळतो, तो वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक मिळते, आणि बदललेली आवृत्ती पुढे देताना तिच्याबरोबर हेच सर्व हक्क देण्याचे बंधन येते. अशा मुक्तस्रोत परवान्याच्या शर्ती कोणाला बदलता येतात, याचे उत्तर थराथरांचे आहे. परवान्याचा मजकूर तो लिहिणारी संस्था नव्याने लिहू शकते, आणि २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती तशी निघालीही. परंतु एखाद्या प्रणालीला नवा मजकूर लागू करायचा की नाही, हे त्या प्रणालीच्या लेखनावर हक्क असलेल्यांनीच ठरवायचे असते. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यावर हजारो लेखकांचे हक्क विखुरलेले असल्यामुळे त्या सर्वांची संमती मिळवणे जवळपास अशक्य आहे, आणि तो आजही दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. याउलट सर्व हक्क एकाच कंपनीकडे असतील तर ती पुढच्या आवृत्त्यांच्या शर्ती एका दिवसात बदलू शकते. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या प्रणालीबाबत हेच केले. तरीही आधी दिलेल्या प्रती तिला परत घेता आल्या नाहीत, आणि त्या जुन्या स्रोतावरून वापरकर्त्यांनी ओपनटोफू ही वेगळी शाखा उभी केली. शर्ती बदलणाऱ्याच्या हाताला मर्यादा पडते ती येथे, जुना स्रोत लोकांच्या हाती शिल्लक असतो म्हणून.

वऱ्हाडच्या कपाशीलाही दीर्घकाळ हेच संरक्षण होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, मुंबई बाजारात भाव चढले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साम्राज्याचे लक्ष वळले; १८६६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्ताचे पद निर्माण होऊन त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नाक यांची नेमणूक झाली आणि १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. गिरण्यांना लांब धागा हवा होता, आणि त्या दृष्टीने हिंगणघाटकडची ‘बनी’ ही देशी कपाशी उत्तम मानली जाई. शेतकऱ्याला मात्र त्याच कापसातून अधिक रुई देणारी, कमी पावसातही तगणारी आखूड धाग्याची कपाशी परवडत असे. बनीच्या प्रसाराचे सरकारी प्रयत्न या व्यावहारिक हिशोबापुढे टिकले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी खात्यालाच हा हिशोब मान्य करून पांढऱ्या फुलाची, आखूड धाग्याची परंतु रुईचा उतारा भरपूर देणारी ‘रोझियम’ ही निवड वऱ्हाडात वाटावी लागली, आणि पुढे धाग्याची लांबी वाढवण्यासाठी ‘व्हेरम’ ही निवड आणावी लागली. खात्याकडे सत्ता, पैसा आणि शेतकी फार्म होते, तरीही बियाण्याच्या शर्ती ठरवणे त्याला जमले नाही, कारण एकदा दिलेले बी शेतकऱ्याच्या कोठीत पुन्हा तयार होत होते आणि पुढच्या वर्षी काय पेरायचे हे तो खात्याला न विचारता ठरवू शकत होता.

सरकारने नियमन केले ते बियाण्याच्या पुढच्या टप्प्यांवर. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, ज्याने अडते व मापारी यांना परवान्याखाली आणले. देशातील बाजार समित्यांची परंपरा येथून मोजली जाते. १९२३च्या कापूस वाहतूक कायद्याने ‘कापूस’ या शब्दाच्या व्याख्येत सरकीचाही समावेश केला आणि घोषित क्षेत्रात बाहेरचा कापूस परवान्याशिवाय आणण्यास बंदी घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. हेतू असा की एका भागातील चांगला वाण दुसऱ्या भागातील हलक्या मालाच्या मिसळीने बिघडू नये. बंधन मालाच्या हालचालीवर होते, शेतकऱ्याने स्वतःचे बी स्वतःच्या शेतात पेरण्यावर नव्हते.

ज्या प्रदेशात हे घडत होते तो प्रदेशच एका शर्तबद्ध व्यवहाराखाली होता, याची येथे नोंद घेतली पाहिजे. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, १८६०च्या तहाने त्या शर्ती बदलल्या आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याचा करार झाला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले, तेव्हा लॉर्ड रेडिंग यांनी १९२६ मध्ये उत्तर दिले की सार्वभौम सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. करारावर दोन सह्या असल्या तरी त्याच्या शर्ती बदलण्याची ताकद एकाच बाजूला असू शकते, हे वऱ्हाडने बियाण्याच्या आधी भूमीच्या बाबतीत अनुभवले होते.

स्वातंत्र्यानंतर बियाण्याची सूत्रे सार्वजनिक संस्थांकडे आली आणि या पर्वाचे केंद्र अकोला झाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झाले आणि महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, ज्याला शेतकरी महाबीज म्हणून ओळखतो, १९७६ मध्ये त्याच शहरात मुख्यालय ठेवून उभे राहिले. एके २७७, एकेएच ४, एकेए ८४०१ हे देशी आणि रजत हा अमेरिकन कपाशीचा सरळ वाण ही या परंपरेची फळे आहेत. सरळ वाण म्हणजे ज्याचे बी पुन्हा पेरले असता तेच गुण घेऊन येते असा वाण. पैदासकाराचे बियाणे, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे, या पायऱ्यांनी विद्यापीठाचे बी शेतकऱ्यापर्यंत पोहोचत असे. त्या बियाण्याची शुद्धता सांभाळण्याची जबाबदारी संस्थेची आणि ते वाढवून वाटण्याची मोकळीक सर्वांची, अशी ही विभागणी होती. १९६६च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या विक्रीवर उगवणशक्तीची व लेबलाची बंधने घातली, परंतु स्वतः पिकवलेले बी स्वतःच्या जागेवरून थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरणीसाठी देणाऱ्याला कलम २४ने त्यातून वगळले. घरच्या सरकीची जुनी मोकळीक या एका कलमात कायद्याच्या भाषेत प्रथमच नोंदली गेली.

बदलाची सुरुवात कायद्याने झालीच नाही, ती कळीच्या आत झाली. सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेला एच-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस वाण १९७० मध्ये बाहेर पडला. संकरित बियाणे तयार करण्याची रीत अशी: मादी वाणाच्या झाडावरची दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी सायंकाळी शोधायची, नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढायची, आतला स्त्रीकेसर न दुखावता तो झाकून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या ताज्या फुलाचे पराग त्यावर लावायचे. एकेका बोंडासाठी हे हातकाम करावे लागते आणि ते बहुतांशी बायकांनी व मुलींनी केले आहे, ही गोष्ट बियाणे-उद्योगाच्या यशोगाथांत फार क्वचित लिहिली जाते. या संकरातून येणारे झाड पहिल्या पिढीत जोमदार व एकसारखे असते. त्याची सरकी राखून पेरली तर पुढच्या पिढीत मूळ वाणांचे गुण फुटून शेत उंच-ठेंगणे, लवकर-उशिरा असे विस्कळीत होते. बी राखण्यास मनाई कोणीच केली नाही, तरीही बी राखण्याचा उपयोग संपला. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर शेतकऱ्याच्या हाती चालणारे रूपांतर आले आणि स्रोत, म्हणजे नर व मादीचे पितृवाण, उत्पादकाकडे राहिला. आरंभी ही बाब तितकीशी जाचली नाही, कारण अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ किंवा नांदेडचा एनएचएच-४४ यांसारख्या संकरित वाणांचे पितृवाण सार्वजनिक संस्थांकडेच होते. १९६४ मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केल्यापासून वाढत गेलेल्या खासगी बियाणे-उद्योगाकडे स्वतःचे पितृवाण जमत गेले तसतसा तोल हळूहळू ढळला.

बीटी कापसाने या जैविक कुलपावर कराराचे दुसरे कुलूप घातले. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घालून झाड स्वतःच बोंडअळीला विषारी होईल असे हे तंत्र मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचे. भारतात ते पोटपरवान्याने देण्यासाठी १९९८ मध्ये महिको-मोन्सँटो बायोटेक ही संयुक्त कंपनी उभी राहिली आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने पहिल्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुरुवातीला सुमारे १,६०० रुपये होती आणि तिच्यातला मोठा भाग तंत्रज्ञान-शुल्काचा, ज्याला सरकारी कागदांत ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणतात, असे. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बोलगार्ड या व्यापारी नावाने आलेल्या या पहिल्या बीटी कपाशीतील जनुकावर कंपनीचे भारतात पेटंट नव्हते. शुल्काचा आधार पेटंट नव्हता, बियाणे कंपन्यांशी केलेला करार होता. त्या करारावर शेतकऱ्याची सही नव्हती, परंतु त्याचा भार शेवटी पाकिटाच्या किमतीतून त्याच्यावरच पडत होता. दुसरी गोष्ट अशी की अमेरिकेत हे तंत्र सरळ वाणांत विकले जात असताना भारतात ते जवळजवळ पूर्णतः संकरित वाणांतच आले, आणि त्यामुळे कोणत्याही न्यायालयाच्या मदतीशिवाय शुल्काची वसुली दर हंगामात आपोआप होत राहिली.

याच काळात संसदेने शेतकऱ्याच्या बाजूने जगाच्या तुलनेत उदार म्हणता येईल असा कायदा केला, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने वनस्पती-वाणांना काही ना काही संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले होते. त्याला उत्तर म्हणून २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३९ने संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटून घेण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. बंधन एवढेच की संरक्षित वाणाचे बी त्या नावाचे छापील पाकीट करून विकता येणार नाही. कलम ३०ने संशोधकाला कोणताही संरक्षित वाण प्रयोगासाठी व नवा वाण घडवण्यासाठी वापरण्याची मोकळीक दिली, पण पितृवाण म्हणून त्याचा वारंवार वापर करायचा असेल तर पैदासकाराची परवानगी आवश्यक ठेवली. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे)ने तर बियाणे व वनस्पती पेटंटच्या कक्षेबाहेरच ठेवले होते. कागदावर पाहिले तर मुक्तस्रोत परवान्यांतील बहुतेक सर्व स्वातंत्र्ये येथे आहेत. वऱ्हाडातील कापूस-उत्पादकाला मात्र त्यांचा उपयोग झाला नाही, कारण त्याच्या शेतात तोवर राखून पेरण्याजोगे बीच उरले नव्हते. जीपीएलची रचना करणाऱ्यांनी हक्कांबरोबर स्रोत देण्याचे बंधन का घातले, हे या अनुभवातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच होईल. पितृवाण उपलब्ध करून देण्याचे तसे बंधन कलम ३९मध्ये नाही.

यापुढे शर्ती बदलण्याचे काम सरकारने हाती घेतले. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर पाकिटाची किंमत ७५० रुपयांच्या घरात उतरली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या पुरवठ्याचे व विक्री-किमतीचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा केला. आणि केंद्राने डिसेंबर २०१५च्या आदेशाने संपूर्ण देशासाठी किंमत ठरवण्याचा अधिकार घेऊन मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ या तंत्राच्या पुढच्या आवृत्तीच्या पाकिटाचा कमाल भाव ८०० रुपये आणि त्यातील तंत्रज्ञान-शुल्क ४९ रुपये निश्चित केले. मे २०१६ मधील घटना तर परवान्याच्या इतिहासात नमुन्यादाखल सांगावी अशी आहे. १८ मे रोजी केंद्राने जनुकीय तंत्राच्या परवाना-कराराचा नमुनाच अधिसूचित केला, ज्यात पात्र कंपनीला परवाना नाकारता येऊ नये आणि शुल्क पाकिटाच्या किमतीच्या एका मर्यादेपुढे जाऊ नये अशा अटी होत्या. उद्योगाचा विरोध होताच २४ मे रोजी ती अधिसूचना मागे घेऊन तिचा केवळ मसुदा करण्यात आला. एका आठवड्यात शर्ती लिहिल्या गेल्या आणि पुसल्याही गेल्या, आणि दोन्ही वेळा वऱ्हाडातील कापूस-उत्पादक त्या चर्चेत कोठेही नव्हता. शुल्काच्या वादातून मोन्सँटो आणि नुझिवीडू सीड्स ही बियाणे कंपनी यांच्यात उभा राहिलेला खटला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला, एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने बोलगार्ड-२मधील जनुकावरचे पेटंट रद्द ठरवले आणि ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशाकडे पाठवले. ते पेटंट त्याच वर्षाच्या अखेरीस मुदत संपून गेले आणि २०२०च्या हंगामापासून केंद्राने तंत्रज्ञान-शुल्क शून्यावर आणले. जनुक अशा रीतीने मोकळे झाले. पाकिटातील बियाणे संकरितच राहिले.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशकाला दाद न देणाऱ्या, मान्यता नसलेल्या बीटी कपाशीची जाहीर पेरणी केली. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद असतानाही हे आंदोलन उघडपणे झाले, आणि संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी रुजवलेल्या तंत्रज्ञान-स्वातंत्र्याच्या मागणीचा तो वारसा होता. निंदणीच्या मजुरीने मेटाकुटीला आलेल्या शेतकऱ्याची ती निकड खरी होती आणि तिची हेटाळणी करणे अन्यायाचे ठरेल. परंतु ज्याला गावोगाव ‘चोर बीटी’ म्हणतात त्या बियाण्याची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. त्याला परवाना नाही, म्हणून ते मुक्त आहे असे होत नाही; संगणकाच्या क्षेत्रातही परवाना न लावलेला स्रोत सर्व हक्क राखलेला मानला जातो, कारण मोकळीक स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. चोर बीटीच्या पाकिटावर पैदासकाराचे खरे नाव नसते, पितृवाण कोणते ते कळत नाही, उगवण फसली तर दाद मागायला जागा नसते आणि पुढच्या वर्षी तेच बी पुन्हा मिळेल याची हमी नसते. कंपनीच्या शर्तींतून सुटू पाहणारा शेतकरी येथे शर्तच न सांगणाऱ्या विक्रेत्याच्या हाती पडतो.

मुक्तस्रोताचे तत्त्व बियाण्याला लावण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या परिसरात सुरू झालेल्या ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्हने प्रथम जीपीएलसारखा कायदेशीर परवाना लिहून पाहिला, तो इतका लांबलचक झाला की बियाण्याच्या पाकिटावर मावेना, आणि अखेर एप्रिल २०१४ मध्ये काही ओळींची प्रतिज्ञा छापून बियाणे वाटले: हे बी हवे तसे वापरा, मात्र त्यावर किंवा त्यापासून घडवलेल्या वाणावर इतरांना बंधन घालू नका. जर्मनीत २०१७ मध्ये ‘सनवीवा’ नावाचा टोमॅटो कायदेशीर मुक्त-परवान्याखाली बाजारात आला.

भारतात या दिशेने जवळ जाणारे पाऊल सार्वजनिक संशोधनाने टाकले. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नर्मा’ या सरळ वाणात बीटी जनुक घातले, त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, २००९च्या हंगामात ते शेतात गेले आणि त्यात मोन्सँटोच्या जनुकाचाच अंश आढळल्याच्या वादात ते लगेच मागे घ्यावे लागले. पुढच्या दशकात अकोल्याच्या रजत आणि ०८१ या सरळ वाणांची बीटी रूपे नागपूर व अकोल्याच्या सहकार्याने तयार झाली. त्यांची सरकी राखता येते, कलम ३९चा हक्क त्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष वापरता येतो आणि लहान झाडे दाट लावून हंगाम लवकर आटोपता येत असल्यामुळे गुलाबी बोंडअळीच्या उशिराच्या पिढ्यांपासून कोरडवाहू शेत काही अंशी वाचवता येते. त्यांच्या पैदासकार-बियाण्याचे पुरेसे उत्पादन, महाबीजकडून गावपातळीपर्यंत त्याचा पुरवठा आणि ‘या वाणावर वा त्यापासून घडवलेल्या वाणावर कोणालाही बंधन घालता येणार नाही’ अशी एक स्पष्ट अट विद्यापीठाच्या प्रत्येक हस्तांतरण-करारात घालणे, या तीन गोष्टी महाराष्ट्र शासन आणि विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेच्या अधिकारात आजही आहेत. त्यांसाठी कोणत्याही कंपनीची संमती लागत नाही.